हृदयाचं पंपिंग खरंच सुधारतंय का? इको आणि एमआरआय योग्य क्रमाने करून घेण्याची पद्धत

कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार असलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये चार-पाच इको रिपोर्ट सहज सापडतात. तरीही ‘हृदय सुधारतंय का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही. एक इको धाप लागलेली असताना केलेला, दुसरा वेगळ्या केंद्रातल्या मशीनवर, तिसऱ्यात पंपिंग नुसत्या नजरेने अंदाजलेलं, आणि एमआरआय झाला तो स्नायूची सूज ओसरून गेल्यावर. यातली एकेक तपासणी चुकीची नसते. पण त्या एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत, आणि हृदय सुधारलं की खालावलं हे ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे भर आहे तो तयारीवर, क्रमावर आणि नेहमी होणाऱ्या चुकांवर.

सावधान: बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा छातीत एकाएकी जोराची धडधड सुरू होणं, यांपैकी काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. थेट इमर्जन्सी विभागात जा.

## टप्पा १ : आकड्याचा अर्थ आधी समजून घ्या

इको रिपोर्टातला ईएफ, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, यालाच आपण बोलताना ‘पंपिंग’ म्हणतो. डावा खालचा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर जातं, ते हा आकडा सांगतो.

सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. ‘पंपिंग ६० टक्के’ ऐकलं की घरच्यांना वाटतं ४० टक्के हृदय निकामी झालं. तसं मुळीच नाही. इकोवर पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के ईएफ नॉर्मल धरला जातो. १०० टक्के कुणाचाच नसतो.

आता एक उदाहरण मनात धरा. निरोगी कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि ५० मिली उरलं, तर ७० मिली बाहेर गेलं. ईएफ सुमारे ५८. आजारी हृदय फुगलेलं आहे, त्यात २०० मिली भरलं आणि १४० उरलं, तर ६० मिली बाहेर गेलं, ईएफ ३०. बाहेर पडणाऱ्या रक्तात फरक फक्त १० मिलीचा. हृदय ताणलं जाऊन, मोठं होऊन काम भागवत होतं. म्हणून सुधारणा मोजताना टक्क्याइतकंच कप्प्याच्या आकाराकडे बघायचं. पुढच्या इकोत तोच कप्पा १५० मिली भरून ७५ उरवू लागला, तर ईएफ ५० झालाच, शिवाय हृदय आक्रसून मूळ आकाराकडे परतू लागलं. ही सुधारणा नुसता टक्का वाढण्यापेक्षा जास्त भरवशाची.

उलट बाजूही लक्षात ठेवा. डाव्या बाजूची झडप जास्त गळत असेल तर बरंचसं रक्त मागे जातं, आणि ते धरून ईएफ चांगला दिसतो. स्नायू जाड होणाऱ्या आजारांतही ईएफ बराच काळ नॉर्मल राहतो, म्हणून ‘ईएफ नॉर्मल, म्हणजे हृदय नॉर्मल’ असं समजू नये.

## टप्पा २ : तपासणी कशासाठी, हे एका ओळीत लिहून घ्या

इकोच्या चिठ्ठीवर नुसतं ‘टूडी इको’ असेल तर करणारा ठरावीक मोजमापं घेतो आणि नेमका हवा असलेला भाग राहून जातो. डॉक्टरांना विचारून प्रश्न लिहून घ्या: आजार आहे का? कारण काय? उपचाराने फरक पडला का? केमोथेरपीचा हृदयावर परिणाम होतोय का? आयसीडी, म्हणजे जीवघेणे ठोके थांबवायला शरीरात बसवायचं उपकरण, बसवायचं की नाही? या प्रत्येक प्रश्नाला बघण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचंच, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचंच बघा. तिथे रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा आहे का, ते आरामात झोपलेलं असताना नेहमी दिसत नाही. श्वास रोखून जोर लावायला सांगून, किंवा व्यायाम करवून, दाबातला फरक पुन्हा मोजावा लागतो. तो ३० मिमी (पारा) किंवा जास्त असेल तर अडथळा आहे असं धरतात, आणि ५० किंवा जास्त असून त्रासही होत असेल तर पुढच्या उपचारांचा विचार सुरू होतो. चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसेल तर ‘अडथळा नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो, आणि रुग्णाची चढावर लागणारी धाप मात्र तशीच राहते.

## टप्पा ३ : पहिला इको पक्का करा

पुढच्या सगळ्या तुलना याच इकोशी होणार. म्हणून शक्य असेल तर उपचारांच्या सुरुवातीलाच, पण नाडी आणि रक्तदाब आटोक्यात असताना, एक नीट मोजलेला इको हवा. तातडीच्या वेळी खाटेपाशी केलेला झटपट इको जीव वाचवायला उपयोगी पडतो. सहा महिन्यांनी ताडून पाहायला तो पुरत नाही.

तयारी फार नाही. साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही. रोजची औषधं नेहमीच्या वेळी घ्या. ‘तपासणी आहे म्हणून गोळ्या घेतल्या नाहीत’ हे वारंवार घडतं, आणि मग रक्तदाब चढलेला असताना मोजलेलं पंपिंग रुग्णाच्या रोजच्या स्थितीचं राहत नाही. अन्ननलिकेतून करायच्या इकोला मात्र उपाशी राहावंच लागतं. दोन्हींची गल्लत करू नका.

रिपोर्ट हातात आला की काउंटरपासून हलण्याआधी एवढं बघा:

- उंची, वजन, त्या वेळचा रक्तदाब आणि नाडीचा वेग लिहिलाय का? कप्प्याचा आकार शरीराच्या मानाने बघावा लागतो.
- ईएफ कसा काढला? बायप्लेन सिम्पसन (दोन कोनांतल्या चित्रांवर कडा आखून), थ्रीडी, की नुसत्या नजरेने?
- कप्प्यात भरलेलं आणि उरलेलं रक्त मिलीमध्ये दिलंय का?
- उजव्या बाजूचं काम, डावा वरचा कप्पा, झडपांची गळती आणि आत गुठळी आहे का, यांचा उल्लेख आहे का?
- स्ट्रेन, म्हणजे स्नायू ठोक्याला किती आखडतो ते, मोजला असेल तर कोणत्या कंपनीच्या मशीनवर?

चित्रं अस्पष्ट असतील तर इकोसाठीचं विशेष कॉन्ट्रास्ट शिरेतून देऊन कप्प्याच्या कडा स्पष्ट करता येतात. हे कॉन्ट्रास्ट सूक्ष्म बुडबुड्यांचं असतं आणि मूत्रपिंडावर त्याचा भार पडत नाही. मागायला संकोच करू नका. धूसर चित्रावरून काढलेला ईएफ पुढे वर्षभर दिशाभूल करत राहतो.

सावधान: एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोक्यांची लय पार अनियमित झालेली असताना, प्रत्येक ठोका वेगळा असतो. एकाच ठोक्यावर मोजलेला ईएफ घेऊ नका. निदान पाच ठोक्यांची सरासरी हवी. नाडी फार जलद असेल तर आधी ती आटोक्यात आणून मग मोजमाप.

## टप्पा ४ : कारण शोधा, आणि क्रम चुकवू नका

पंपिंग कमी आहे हे इको सांगतो. का कमी आहे, हे बहुतेकदा त्याला सांगता येत नाही. पहिला प्रश्न असतो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा. त्यासाठी अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओ करतात. सीटीच्या वेळी बहुतेकदा धमन्या रुंदावणारा नायट्रोग्लिसरीन स्प्रे जिभेखाली मारतात. सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर लाजू नका, आधी सांगा. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

त्यानंतर एमआरआय. त्याचं खरं बळ वण दिसण्यात आहे. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट शिरेतून दिल्यावर काही मिनिटांनी स्नायूतला वण उजळ दिसतो, आणि तो कुठे आहे यावरून कारणाकडे बोट जातं. आतल्या थरापासून सुरू होणारा वण धमनी बंद पडल्याचं सुचवतो. भिंतीच्या मधल्या थरातली रेघ डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत, म्हणजे हृदय फुगून पंपिंग कमी होण्याच्या आजारात दिसते. बाहेरच्या थरातला, विशेषतः बाजूच्या भिंतीतला वण मायोकार्डायटिसकडे, म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेकडे निर्देश करतो. रिपोर्टात हे ‘लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट’ किंवा एलजीई या नावाने येतं. फार वण असलेला स्नायू औषधांनी पूर्ववत होण्याची शक्यता कमी आणि ठोके बिघडण्याचा धोका जास्त. वण नसेल तर आशा अधिक. पुढचा अंदाज बांधायला ही माहिती ईएफइतकीच महत्त्वाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

वेळेचं भान मात्र हवं. मायोकार्डायटिसमधली सूज त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. टी१ आणि टी२ या मोजमापांवर निदान उभं राहतं, आणि त्यातलं सूज दाखवणारं टी२ पुढे निवळतं. दोन-तीन महिन्यांनी केलेला एमआरआय सूज नाही म्हणाला, तर आजार झालाच नव्हता असा अर्थ काढू नका.

## टप्पा ५ : एमआरआयची तयारी

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

आधीच्या आठवड्यात. शरीरात काय-काय धातू आहे त्याची यादी करा. हृदयातल्या स्टेंटची सहसा अडचण येत नाही. पेसमेकर किंवा आयसीडी असेल तर त्याचं कार्ड सोबत हवंच. आजची बरीच उपकरणं ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, पण स्कॅनआधी त्यांची सेटिंग बदलून नंतर पूर्ववत करावी लागतात. त्यासाठी माणूस हजर लागतो, म्हणून आधी कळवा. उपकरण नुकतंच बसवलं असेल तर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोळ्यात कधीकाळी गेलेला धातूचा कण, हे न विचारताही सांगा.

मूत्रपिंड. अलीकडचा क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) सोबत ठेवा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर कोणतं गॅडोलिनियम द्यायचं, याचा निर्णय जपून घ्यावा लागतो. गर्भवती असाल किंवा शक्यता असेल तर स्पष्ट सांगा. गरोदरपणात गॅडोलिनियम शक्यतो टाळतात.

आदल्या दिवशी. स्ट्रेस एमआरआय असेल, म्हणजे अॅडेनोसिनसारखं औषध देऊन रक्तपुरवठा बघायचा असेल, तर केंद्राने सांगितल्याप्रमाणे १२ ते २४ तास चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट बंद. कॅफिनमुळे त्या औषधाचा परिणाम मारला जातो आणि रक्तपुरवठा खोटाच नॉर्मल दिसतो. कॅफिन नसल्याचं सांगणाऱ्या कॉफीतही ते थोडं असतंच. दमा असेल तर तेही कळवा.

श्वास रोखण्याचा सराव. चित्रं घेताना १० ते १५ सेकंद श्वास थांबवायला सांगतात, तेही अनेकदा. घरी आडवं पडून, श्वास अर्धवट सोडून थांबण्याचा सराव करा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: सपाट झोपल्यावर धाप लागत असेल तर स्कॅनची घाई करू नका. अंगातलं पाणी औषधांनी उतरवून मग केलेला स्कॅन स्पष्ट येतो. धापा टाकत केलेल्या स्कॅनची चित्रं हललेली निघतात आणि रुग्णाचे ४५ ते ६० मिनिटांचे हाल वाया जातात.

बंद जागेची भीती वाटत असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. अंगावर औषधाची पट्टी लावलेली असेल तर तीही दाखवा. काहींच्या आत धातूचा पातळ थर असतो आणि त्याने भाजू शकतं.

## टप्पा ६ : विशेष स्कॅन, फक्त ठरावीक संशयांसाठी

अमायलॉइडचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूत विकृत प्रथिन साचण्याच्या आजाराचा संशय. भिंती जाड, पण ईसीजीचे तरंग मात्र लहान, आणि स्ट्रेनमध्ये हृदयाचं टोक तेवढं चांगलं चालतंय, असं चित्र असेल तर पायरोफॉस्फेट स्कॅन सुचवतात. त्याच्या आधी, निदान बरोबरीने, रक्त-लघवीत लाइट चेन या प्रथिनाच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. अमायलॉइडच्या दुसऱ्या, तातडीच्या प्रकारातही हा स्कॅन पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा, केमोथेरपीचा असतो. नुसत्या स्कॅनवर निदान करून मोकळं होणं ही रुग्णाचे मोलाचे महिने घालवणारी चूक आहे.

सार्कॉइडचा, म्हणजे हृदयात सुजेच्या गाठी होण्याच्या आजाराचा संशय. इथे एफडीजी पेट स्कॅन करतात; त्यात साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. निरोगी हृदय साखर आणि चरबी दोन्ही वापरतं. त्याला साखरेपासून दूर ठेवलं नाही तर सगळंच हृदय उजळतं आणि सूज वेगळी ओळखू येत नाही. म्हणून आदल्या दिवशी भरपूर स्निग्ध पदार्थ असलेली, पण पिष्टमय पदार्थ नसलेली निदान दोन जेवणं, आणि नंतर सांगितलेले तास कडकडीत उपास. साखरेचं च्युइंगगम, खोकल्याचं गोड औषध किंवा वॉर्डमध्ये लावलेलं ग्लुकोजचं सलाइन एवढ्यानेही स्कॅन वाया जातो. काय खाल्लं ते लिहून न्या. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांचं वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून घ्या. स्वतः ठरवू नका.

## टप्पा ७ : पुन्हा कधी बघायचं

दर महिन्याला इको करून मनस्ताप वाढतो, माहिती वाढत नाही. स्नायूला पालटायला वेळ लागतो.

डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत औषधं सहन होतील त्या पूर्ण मात्रेवर आल्यानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांनी इको. महिने मोजायचे ते पूर्ण मात्रेपासून, पहिल्या गोळीपासून नाही. ही गफलत फार होते. आयसीडीचा निर्णय यावरच अवलंबून असतो, कारण ईएफ ३५ किंवा कमी आहे म्हणून लगेच उपकरण बसवत नाहीत. निदान तीन महिने योग्य औषधं दिल्यावर पुन्हा मोजतात. हार्ट अॅटॅकनंतर किमान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर ९० दिवस थांबून मोजतात.

टाकोत्सुबो, म्हणजे मोठ्या मानसिक वा शारीरिक धक्क्यानंतर अचानक मंदावलेलं हृदय, बहुधा काही दिवसांत ते आठवड्यांत सावरतं. मायोकार्डायटिसनंतर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. दमछाक करणारा व्यायाम किंवा खेळ त्याआधी सुरू करू नये. बाळंतपणाच्या सुमारास झालेल्या कार्डिओमायोपॅथीत बरीचशी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, काहींत नंतरही. पंपिंग पूर्ण नॉर्मल झालं तरी पुढच्या गरोदरपणाचा विचार हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय करू नका.

केमोथेरपीत पहिला इको औषध सुरू होण्याआधीच हवा. स्ट्रेनचा आकडा उणे असतो आणि जितका जास्त उणे तितका चांगला. सुरुवातीच्या तुलनेत तो १५ टक्क्यांहून जास्त घसरला, समजा उणे २० वरून उणे १६ वर आला, तर ईएफ अजून नॉर्मल असतानाही ती धोक्याची सूचना मानतात. अशा वेळी कर्करोगाचं औषध स्वतःहून थांबवू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

## टप्पा ८ : दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा

वजन दोन वेगळ्या काट्यांवर केलं तर दोन किलोंचा फरक माणसात पडला की काट्यात, ते कळत नाही. इकोचं तसंच आहे. साध्या टूडी इकोत हृदयात काहीही बदल नसताना ईएफमध्ये ५ ते १० अंकांचा फरक निव्वळ मोजणीतून पडू शकतो. ३५ चे ४० झाले म्हणून आनंद करण्याआधी आणि ४५ चे ४१ झाले म्हणून रात्र जागवण्याआधी हे आठवा.

या क्रमाने वाचा:

१. पद्धत तीच आहे का? इकोची तुलना इकोशी, एमआरआयची एमआरआयशी. स्ट्रेन तर त्याच कंपनीच्या मशीनवरचा हवा.

२. त्या दिवशीची स्थिती सारखी होती का? रक्तदाब, नाडी, ठोक्यांची लय, अंगावरची सूज.

३. कप्प्याचा आकार कोणत्या दिशेला गेला? ईएफ वाढला आणि भरलेलं-उरलेलं रक्तही कमी झालं, तर सुधारणा खरी असण्याची शक्यता दाट. ईएफ वाढला पण आकार जागच्या जागी असेल तर मोजणी पुन्हा बघायला सांगा.

४. झडपेची गळती, डावा वरचा कप्पा, उजवी बाजू यांत काय झालं?

५. रुग्णाचं काय? जिना चढताना पूर्वीपेक्षा बरं वाटतं का, बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) उतरलं का? रिपोर्ट एक सांगतो आणि शरीर दुसरंच, असं असेल तर रिपोर्ट तपासा.

तपासून पाहा: चित्रांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह घेतलात का? कागदावर निष्कर्ष असतो, चित्रं नसतात. जुनी आणि नवी चित्रं एकाच तज्ज्ञाने शेजारी ठेवून पाहिली तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

## टप्पा ९ : पंपिंग नॉर्मल झाल्यावर

सुरुवातीला ४० किंवा कमी असलेला ईएफ निदान १० अंकांनी वाढून ४० च्या वर गेला, तर त्याला सुधारलेलं हार्ट फेल्युअर म्हणतात. पूर्ण बरं झालेलं म्हणत नाहीत, आणि त्याला कारण आहे.

लंडनमध्ये झालेला आणि २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेला ‘ट्रेड-एचएफ’ हा अभ्यास इथे फार महत्त्वाचा आहे. त्यात डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे ५१ रुग्ण होते. सगळ्यांना त्रास काहीच नव्हता, ईएफ ५० च्या वर आलेला होता, कप्प्याचा आकारही नॉर्मल झालेला होता. देखरेखीखाली औषधं हळूहळू थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांमध्ये आजार परत आला. औषधं चालू ठेवलेल्या गटात त्या सहा महिन्यांत एकाचाही परतला नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळ्या कशाला’ हा निर्णय घरी घेऊ नका. टाकोत्सुबो किंवा जलद ठोक्यांमुळे थकलेलं हृदय, अशी कारण पूर्ण दूर झालेली उदाहरणं वेगळी. तिथेही औषध कमी करायचं ते डॉक्टरांनी, आणि नंतर इकोची तारीख ठरवूनच.

सावधान: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीसाठी माव्हाकॅम्टेन सुरू असेल तर ठरलेला इको चुकवू नका. हे औषध स्नायूचा जोर मुद्दाम कमी करतं. ईएफ ५० च्या खाली गेला तर ते थांबवावं लागतं, आणि हे लक्षणांवरून वेळेत कळेलच असं नाही.

## टप्पा १० : घरातल्यांचा इको

डायलेटेड किंवा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचं दुसरं कारण सापडलं नसेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांचा इको आणि ईसीजी करून घ्या. त्रास होत नसला तरीही. रुग्णाची जनुकीय चाचणी आधी करावी; त्यात बदल सापडला तर नातेवाइकांमध्ये नेमका तोच शोधता येतो, आणि ज्यांच्यात तो नसतो त्यांची पुढची तपासणी वाचते.

एकदा नॉर्मल आलेला इको कायमचा धरू नका, कारण आजार वयानुसार दिसू लागतो. हायपरट्रॉफिकमध्ये लहान आणि वाढत्या वयाच्या मुलांची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी, मोठ्यांची दर तीन ते पाच वर्षांनी करतात. स्नायूच्या जाडीची मर्यादाही नात्यात बदलते: एरवी १५ मिलिमीटरला निदान होतं, जवळच्या नात्यात आजार असेल तर १३ लाच. म्हणून इको करणाऱ्याला घरचा इतिहास आधी सांगा आणि रुग्णाच्या रिपोर्टाची प्रत सोबत न्या.